अधल्यामधल्यांची बाई

त्या वाचनालयाला दोन मजले होते आणि दोन्ही मजल्यांवर बारा वर्षांच्या मुलाला बसायला जागा नव्हती.

खाली बालविभाग. तिथली टेबलं मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी, खुर्च्या त्याहून ठेंगण्या, भिंतीवर फुगे धरलेला हत्ती. वर मोठ्यांचं दालन. तिथे खुर्ची जरा सरकली तरी चार डोकी वर व्हायची आणि दारावर पाटी होती की पंधरा वर्षांखालच्या मुलांना आत सोडलं जाणार नाही. मधल्या वयाच्या पोरांनी कुठे जायचं, हे इमारत बांधणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं. ती पोरं मग जिन्यावर बसायची. दप्तरं पायऱ्यांवर टाकून, कठड्याला पाठ लावून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात पाय घालत. वरून त्यांना शिपाईमामा हाकलायचा, खालून बालविभागाच्या ग्रंथपाल बाई.

बाई तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. पुस्तकं उलट उत्तर देत नाहीत म्हणून ही नोकरी धरली, असं त्या गमतीनं म्हणायच्या, पण त्यात गंमत कमीच होती. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांना आधी घसा खाकरावा लागे. ओठांवर बोट ठेवून ‘शू’ करण्यात अर्धी नोकरी गेली होती आणि पोरांनी त्यांचं नावच शूबाई पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं. फारसं लागलं नव्हतं. मुख्य साहेबांना पोरं कपाट म्हणत, त्यामानानं आपलं बरं.

बारकी मुलं त्यांना आवडत. गोष्ट सुरू केली की ती तोंडं उघडी टाकून बसतात. मोठ्यांचंही त्यांना जमे. हवं ते मागतात, घेतात, जातात. पण ही जिन्यावरची अधलीमधली! विचारायला जावं तर खांदे उडवतात आणि लक्ष देऊ नये तर काउंटरपाशीच घुटमळत राहतात. बाईंनी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

अशातलाच एक हडकुळा मुलगा एका दुपारी काउंटरशी आला. केस डोळ्यांवर आलेले, बुटाची नाडी सुटलेली.

“एक पुस्तक हवंय. घटस्फोटावर.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “शाळेत सांगितलंय?”

“नाही. मित्राला हवंय.”

मागितलं ते द्यायचं, एवढंच बाईंना ठाऊक. त्यांनी वरून कायद्याचं एक जाडजूड पुस्तक आणून त्याच्यापुढे ठेवलं. मनात आलंही असेल, बघू या किती पानं टिकतोय. तो टिकला. शाळा सुटली की यायचा, हत्तीखालच्या ठेंगण्या टेबलाशी गुडघे हनुवटीला लावून बसायचा आणि शेजारी शब्दकोश उघडून एकेका ओळीवर बोट फिरवायचा. जिन्यावरच्या पोरांनी त्याचं नाव लगेच वकील ठेवलं. बाईसुद्धा मनातल्या मनात त्याला वकील म्हणू लागल्या.

मग एका संध्याकाळी बंद करायच्या वेळेला तो पुस्तक घेऊन पुढे आला.

“बाई, यात मुलाला विचारतात का, ते कुठे लिहिलंय?”

“काय विचारतात?”

“म्हणजे, कुणाकडे राहायचंय ते. आणि नाही सांगितलं तर चालतं का.” त्यानं डोळ्यांवरचे केस मागे सारले. “मित्राला हवंय.”

इतके दिवस हे पोर समोर बसून कायदा चाळत होतं आणि आपण लांबून मजा बघत होतो! “बघून सांगते हं,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सांगितलं. यजमान शहरातली बस चालवायचे आणि बाईंच्या वाटणीचंही बोलायचे. ते म्हणाले, “अगं, माझ्या गाडीत चढतात ना ही. लहान असतात तोवर ‘ड्रायव्हरकाका टाटा’ करतात. मग एक दिवस टाटा बंद होतो. मला वाटायचं, शिंगं फुटली.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“काय करणार? समोर बघून गाडी चालवायची. आणि आपण आपल्या पोराला तरी या वयात काय विचारलं? गृहपाठ झाला का, आणि बनियन कुठे टाकलास.”

मुलगा आता परगावी होता, नोकरीत होता, सुखात होता. बाईंनी त्याचं बारावं वर्ष आठवून पाहिलं. काही केल्या त्यांना त्याचा चेहरा आठवेना, नुसतं बंद दार आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखीच्या एका खऱ्या वकिलाला गाठून उत्तर आणलं. “तुझ्या मित्राला सांग,” बाई मुलाला म्हणाल्या, “विचारतात. पण तो गप्प राहिला तरी त्याला कुणी रागावत नाही.” मुलानं ऐकून घेतलं, जाडं पुस्तक परत दिलं, नाडी बांधण्यासाठी खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

तिथून बाईंना एक गोष्ट उमगली. ही पोरं स्वतःसाठी काही मागत नाहीत. मागणारा नेहमी मित्र असतो, बहीण असते, शाळेचा प्रकल्प असतो. आणि आपण प्रश्नाचं उत्तर देतो, विचारणाऱ्याकडे बघत नाही.

जिन्याखाली एक तिरकी जागा होती. मोडक्या खुर्च्या, जुन्या पाट्या, गळकी बादली असलं काहीबाही तिथे पडून असे. बाईंनी ती साहेबांकडे मागितली. साहेब सज्जन होते, पण कटकटीला भ्यायचे. “करा,” ते म्हणाले. “मात्र खर्च नको, आवाज नको, आणि माझ्या टेबलावर तक्रार नको.”

शिपाईमामानं कुरकुरत कुरकुरत एका टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून दिले. बारा वर्षांचे गुडघे आत जातील एवढं टेबल उंच झालं. बाईंनी फळी लावली आणि दोन्ही मजल्यांवरून पुस्तकं जमवली. मैत्री तुटल्यावर काय होतं, घरात कुणी वारलं तर काय वाटतं, बोलताना अडखळणं, खूप जाड असणं, खूप बारीक असणं, वयात येताना अंगात काय काय बदलतं. सगळ्यांना एकसारखी तपकिरी कव्हरं घातली, म्हणजे कुणाच्या हातात कुठलं आहे ते शेजाऱ्याला दिसायचं नाही. आणि नियमाबाहेरची एक गोष्ट केली. या फळीवरच्या पुस्तकांची नोंद ठेवली नाही. नोंद म्हटली की काउंटरवर उभं राहणं आलं, आणि मागे वर्गातलं कुणी उभं असलं की पोर पुस्तक टाकून पळालंच.

बाई स्वतः फाटकी पुस्तकं चिकटवायचं काम घेऊन तिथे बसू लागल्या. डोळ्यांत डोळे घालून काही विचारलं की ही पोरं मिटून जातात, पण समोरच्याचे हात खळीत बुडालेले असले आणि नजर भलतीकडे असली, की आपणहून बोलतात. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, बसून बसून कळलं. एकाचा आवाज फुटला होता आणि तो वर्गात तोंडच उघडत नव्हता. एकीला तिचे आजोबा ओळखेनासे झाले होते, तर त्यांना रोज नाव सांगायचं की नाही, हे तिला कळत नव्हतं. एकाला विचारायचं होतं की सगळे आपल्याला हसतात तेव्हा आपणही हसलो, तर ते खोटं होतं का. बाई बहुतेक वेळा ‘हं’ म्हणत.

“शू चं हं झालं,” यजमान म्हणाले. “वाचनालयानं नाही तर नाही, पोरांनी तरी तुला बढती दिली.”

एकदाच बाई चुकल्या. एक मुलगी घरातून निघून जायच्या गोष्टी बोलत होती. काळजीपोटी बाईंनी ते तिच्या आईच्या कानावर घातलं. मुलगी कुठे गेली नाही, पण कोपऱ्यातही पुन्हा आली नाही. रस्त्यात दिसली तेव्हा तिनं बाईंकडे असं पाहिलं, जसं बंद पडलेल्या दुकानाकडे बघतात. आई म्हणाली, बरं झालं सांगितलंत. बरंच झालं असेल. पण तेव्हापासून बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली, की आपल्या तोंडून यापुढे कुठलंही पोर उघडं पडायचं नाही.

ती स्वेटरवाली त्यानंतरची.

पहिल्यांदा ती तीन मैत्रिणींच्या घोळक्यात आली होती. चौघी एकाच पुस्तकावर डोकी टेकवून खिदळायच्या. मग त्या तिघी टेबलाच्या एका टोकाला आणि ही दुसऱ्या टोकाला बसू लागली. मग त्या तिघी आल्या की ही उठून जाऊ लागली. का ते बाईंना कधीच कळलं नाही. त्या तिघींना तरी सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे. उन्हाच्या काहिलीतसुद्धा मुलगी जाड, सैल, करडा स्वेटर घालून येई, बाह्या बोटांवर ओढून. वर्गात तिला स्वेटर म्हणूनच हाक मारायचे. बाई तसं म्हणत नसत. त्या तिला ‘अगं’ म्हणत.

कित्येक दिवस ती नुसती बसली. मग एका दुपारी, कोपऱ्यात ती, बाई आणि भिंतीकडे तोंड करून गणितं सोडवणारा वकील, एवढेच असताना ती म्हणाली,

“बाई, माझी एक बहीण आहे.”

“हं.”

“तिला वाटतं, सगळे तिच्याकडेच बघतात.”

बाईंनी पुस्तकाच्या कण्यावर खळ लावली. “हं.”

“मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, अगं बाई, ही तर बघता बघता मोठी झाली की! सगळे हसले. बाबापण हसले.”

“मग बहिणीनं काय केलं?”

“स्वेटर घातला.”

वकिलाची पेन्सिल थांबली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही.

“हे थांबवता येतं का?” मुलीनं विचारलं. “म्हणजे, एवढ्यात नको असेल तर?”

“नाही गं. थांबत नाही ते. पण काय चाललंय ते कळलं, की भीती जरा कमी होते.”

“तुम्हाला वाटली होती भीती?”

“मला तर वाटलं होतं, मी मरतेय. आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी माझी पेन्सिलपेटी कुणाला द्यायची ते ठरवूनसुद्धा टाकलं होतं.”

मुलगी फस्सकन हसली, आणि हसल्याचीच लाज वाटून तिनं बाही तोंडात धरली. बाई पुन्हा खळीकडे वळल्या. थोड्या वेळानं पाठीमागे फळीवरून पुस्तक ओढल्याचा आवाज आला, मग दप्तराची चेन. बाईंनी मान वळवली नाही. कुठलं पुस्तक ते त्यांना बघायची गरजच नव्हती. त्या दिवशी घरी जाताना त्यांना फार हलकं वाटलं. आपल्याला हे काम जमतंय, असं नोकरीत पहिल्यांदा वाटलं.

पुढच्याच आठवड्यात मुलीचे वडील तिला घेऊन वाचनालयात आले.

ते काही आडदांड गृहस्थ नव्हते. कामावरून तसेच आलेले, घामेजलेले, शर्टाच्या खिशाला पेनाची शाई लागलेली. रागापेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर घाबरेपण जास्त होतं. मुलगी मागे उभी होती. तपकिरी कव्हर काढून टाकलेलं पुस्तक त्यांनी काउंटरवर उपडं ठेवलं, चित्र दिसू नये म्हणून.

“हे तुमचं?”

“हो. वाचनालयाचं.”

“शिक्का आहे, पण नोंद नाही. वर चौकशी केली मी. म्हणजे एकतर माझ्या मुलीनं हे चोरलं, नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी गुपचूप दिलं. काय ते सांगा.”

बाईंनी तोंड उघडायच्या आत मुलगी बोलली. एका सुरात, पाठ केल्यासारखी. “बाईंनी दिलं. मी नको म्हणत होते. त्यांनी माझ्या दप्तरात घातलं.”

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बाईंच्या लक्षात आलं की हे वाक्य ती आत्ता पहिल्यांदा बोलत नव्हती. घरी, पुस्तक गादीखाली सापडलं त्या क्षणी, भीतीनं तिच्या तोंडून ते सुटलं असणार, आणि मग ते मागे घ्यायला वाट उरली नसणार. काउंटरच्या पलीकडे, जिन्याखाली, वकील खुर्चीतून अर्धवट उठला होता. बाईंनी त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं. तो पुन्हा बसला.

“हो,” बाई म्हणाल्या. “मीच दिलं.”

वडील भांडायच्या तयारीनं आले होते. बाई कानावर हात ठेवतील, मग आपण आवाज चढवू, असा त्यांचा हिशोब असावा. ते गोंधळले. “का?”

“तिचं वय आहे. तिला कळायला हवं.”

“ते आम्ही ठरवू ना! तिची आई आहे, मी आहे. तुम्ही कोण?”

“बरोबर आहे तुमचं.”

“बरोबर आहे म्हणजे?”

वडिलांचं खरंच बरोबर होतं. तिला घरी कुणीतरी सांगायला हवं होतं. मुलीनं एकदाच मान वर केली आणि बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत सुटका असेल असं बाईंना वाटलं होतं. तसं काही नव्हतं. ती नुसती हबकली होती. बाई खरं सांगतील, मग मार बसेल, रडू येईल आणि सगळं एकदाचं संपेल, अशी तिची आतल्या आत तयारी असावी. आता ते संपणार नव्हतं.

तक्रार कार्यकारिणीकडे गेली. बैठकीच्या आधी साहेबांनी बाईंना खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“बाई, इतकी वर्षं बघतोय तुम्हाला. तुम्ही कुणाच्या दप्तरात पुस्तक कोंबणार नाही. एवढंच म्हणा की मुलीनं आपलं आपण उचललं. मी पुढचं सांभाळतो.”

“मग घरी तिला खोटारडी ठरवतील.”

“ठरवू देत की! दोन दिवस रडेल. पोरं विसरतात हो.”

“नाही विसरत.”

घरी यजमानांनी ताट बाजूला सारलं. त्यांचा आवाज सहसा चढत नसे, त्या दिवशी चढला. “तू त्या एकीला वाचवतेयस. ठीक आहे. आणि बाकीची? तो आवाज फुटलेला? ती आजोबावाली? त्यांचं काय?”

“मला समज देतील, फार तर लेखी देतील. कोपऱ्याला कशाला हात लावतील?”

“तुला पोरं कळायला लागली,” यजमान म्हणाले, “माणसं नाही कळत अजून.”

त्यांचंच खरं ठरलं. कार्यकारिणीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, गोड बोलायचे. पुस्तकात गैर असं काहीच नाही, हे त्यांनी स्वतःहून मान्य केलं. “पण बाई, लपवायचं नव्हतं, तर एकसारखी कव्हरं का? नोंद का नाही? आणि जिन्याखाली अंधारात का?” ज्या ज्या गोष्टीनं त्या मुलांना तिथे सुरक्षित वाटत होतं, ती एकेक गोष्ट टेबलावर ठेवली की गुन्ह्यासारखी दिसत होती. बाईंनी बोलायचा प्रयत्न केला. घसा खाकरला. या वयाची मुलं काउंटरवर येऊन विचारत नाहीत, त्यांना लाज वाटते, एवढंच कसंबसं बाहेर आलं. एक सभासद बाई म्हणाल्या, “लाज वाटण्यासारखं असेल, तर वाचूच नये ना.” विषय तिथेच मिटला.

कोपरा बंद झाला. शिपाईमामानं ठोकळे काढले. काढताना तो नेहमीसारखा कुरकुरला नाही. टेबल पुन्हा ठेंगणं झालं आणि जिन्याखाली नव्या संगणकांची रिकामी खोकी रचली गेली. बाईंची बदली तळघरात झाली, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते तिथे. पोरं दोन-चार दिवस जिन्यावर येऊन बसली, मामानं हाकललं, मग यायची बंद झाली. ती कुठे जायला लागली, हे कुणी विचारलं नाही.

एक मात्र तळघर शोधत आला. वकील. अंगानं जरा वाढला होता, ओठांवर मिसरुडाची सावली धरली होती. दारातच उभा राहिला.

“मी बघितलं होतं,” तो म्हणाला. “तिनं स्वतः घेतलं होतं पुस्तक.”

“मला माहीत आहे.”

“मग तुम्ही खोटं का बोललात?”

“ती घाबरली होती रे.”

“आम्ही नाही घाबरत?” त्याचा आवाज मध्येच चिरकला आणि त्याचा त्याला आणखी राग आला. “तुम्ही खरं बोलला असता, तर कोपरा राहिला असता. तिच्या एकटीसाठी तुम्ही आमचं सगळ्यांचं घालवलंत.”

बाईंनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. तो म्हणत होता त्यात चूक काहीच नव्हती.

“मी सांगितलं सगळ्यांना,” तो म्हणाला.

“काय सांगितलंस?”

“की ती खोटं बोलली. आता वर्गात कुणी तिच्याशी बोलत नाही. तिच्या बाकावर खोटारडी म्हणून कोरलंय. मी नाही कोरलं. पण कोरलंय.”

बाई गठ्ठ्यावरच बसल्या. “असं का केलंस रे?”

“कुणीतरी खरं बोलायला नको?” त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसते वटारले. निघताना पायरीवर थांबला. “आईबाबांचं झालं सगळं. कोर्टात मला विचारलं. मला तुम्हाला एक विचारायचं होतं त्यावरून.”

“विचार ना. आत्ता विचार.”

“नको आता,” तो म्हणाला आणि वर गेला. या वेळी त्यानं मित्राचं नावही पुढे केलं नव्हतं.

ज्या पोरीला उघडं पाडायचं नाही म्हणून बाईंनी एवढं केलं, ती शाळाभर उघडी पडली होती. बाईंनी धडपड केली. मुलीच्या वर्गशिक्षिकेला जाऊन भेटल्या. शिक्षिका तरुण होती, मनानं चांगली होती. “बाकाचं मी बघते,” ती म्हणाली, “पण तुम्ही तिला भेटू नका. वडिलांनी शाळेला तसं बजावून ठेवलंय. मी तुमचा निरोप दिला तर माझ्यावर येईल.” बाक बदलला गेला. बाकीचं काही बदललं नाही. मुलगी डबा एकटी खाते, असं त्या शिक्षिकेनंच पुढे कधीतरी मान खाली घालून सांगितलं.

तरी बाईंना आशा होती की कधीतरी रस्त्यात ती भेटेल. भेटली तर काय म्हणायचं ते त्या तळघरात गठ्ठे बांधताना घोळवत राहायच्या. फार नाही, एकच वाक्य. चालता चालता सांगता येईल, तिनं थांबायचीही गरज पडू नये, एवढं छोटं.

आणि भेटली. बाई कामावरून घरी निघाल्या होत्या. समोरून मुलगी आणि तिची आई येत होत्या, आईच्या हातात भाजीची पिशवी. आई बाईंना ओळखत नव्हती. मुलीनं मात्र लांबूनच पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बाईंनी हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात मुलीनं आईचा दंड धरला आणि तिला ओढत शेजारच्या दुकानात नेलं. फरशांचं दुकान होतं ते. काचेतून बाईंना दिसत होतं. आई बावचळून म्हणत असावी, अगं, इथे काय आपलं काम? आणि मुलगी दाराकडे पाठ करून एका फरशीवर बोट फिरवत होती, जणू तीच घ्यायची आहे. तिचे खांदे वर आले होते, पाठीत कुणी काही मारील या भीतीनं येतात तसे. दुकानदार पुढे आला. आई काहीतरी विचारू लागली, बिचारी, भाव वगैरे.

बाई काचेबाहेर क्षणभर थांबल्या. तेवढ्यात त्यांना कळून चुकलं की त्या मुलीला जगात सर्वांत नको असलेला चेहरा आपला आहे. रागावलेल्या वडिलांपेक्षा, न बोलणाऱ्या वर्गापेक्षा. आपण तिच्यासाठी जे केलं, तेच तिला पेलत नाहीये. आपण जितक्या प्रेमानं हसू, तितकी ती आत आत जाईल. मग त्या भराभरा चालू लागल्या, ती आणि तिची आई दुकानातून निघायच्या आत वळण गाठायचं म्हणून.

घरी यजमानांनी चेहरा बघून चहा टाकला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “काय सांगणार होतीस तिला?”

“की माझं काही गेलं नाही.”

यजमानांनी बाईंच्या हातांकडे पाहिलं. तळघरातल्या कागदांनी बोटं काळवंडली होती, नखांत धूळ बसली होती, आणि गेल्या कित्येक महिन्यांत या हातांशी कुणी काही बोललं नव्हतं.

“ते तिला खरं वाटलं नसतं,” ते म्हणाले.

“नाही,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या मागच्या रस्त्यानं येऊ-जाऊ लागल्या. तो लांबचा होता, चढाचा होता, आणि त्यांचे गुडघे आता दुखत. चढावर मध्येच थांबून दम खाताना शाळा सुटलेली पोरं त्यांच्या अंगावरून धावत जायची. त्यातली काही नेमकी त्याच वयाची असायची. बाई भिंतीला लागून उभ्या राहायच्या आणि ती पुढे जाईपर्यंत खाली बघायच्या.